तिघींचं घर आणि माझा मुलगा

मुलाचं घर सोडून मी शहरातल्या शहरात पुंडलिकनगरला राहायला गेले, तेव्हा नातेवाइकांची माझ्याकडून मोठी निराशा झाली. भेटायला येणारा प्रत्येकजण आधी खुर्ची जवळ ओढायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "सुनेनं काही त्रास दिला का?" मी नाही म्हणायची. "मग मुलगा काही बोलला?" तेही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. एक चुलत नणंद तर उठताना म्हणाली, "नसेल सांगायचं तर नका सांगू वहिनी, पण निदान आमच्याशी तरी खोटं बोलू नका."

खरं तेच मी सांगत होते. मुलगा वाळूजला कंपनीत इंजिनिअर, सून बँकेत, नात पुण्याला हॉस्टेलवर. सिडकोतला फ्लॅट चांगला, माणसंही चांगली. सून मला कशाला हात लावू देत नव्हती. "आई, तुम्ही बसा," म्हणायची, आणि मी बसायची. आयुष्यभर प्राथमिक शाळेत पोरांना 'बसा रे' म्हणत आले होते, आता त्याची परतफेड चालली होती. यजमान गेल्यावर तर मी त्या घरात पाहुण्यासारखी झाले. पाहुण्याला निदान परत जायचं असतं.

सकाळी फिरायला जायची तिथं मॅडमची ओळख झाली. मॅडम म्हणजे समाजशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. लग्न केलं नव्हतं, आणि वर्गात तीस-पस्तीस वर्षं कुटुंबसंस्था शिकवली होती. पुंडलिकनगरात त्यांचं तीन खोल्यांचं बैठं घर होतं. त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं की दोन-तीन बायकांनी एकत्र राहावं, सगळं समान, कुणी मालकीण नाही, कुणी आश्रित नाही. मला ते ऐकूनच बरं वाटलं. तिसरी आली ती सिस्टर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, माहेर-सासर दोन्ही करमाडकडचं, शेतीवाडी असलेलं. तिच्या नावावरच्या रस्त्याकडेच्या जमिनीला भाव आल्यापासून तिच्या दोन्ही मुलांना आई आपल्याच घरी हवी होती. "दोघांनाबी मी पायजे होते," सिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "म्हंजे माझी सही." म्हणून ती दोघांनाही सोडून इकडे आली.

मॅडम, सिस्टर आणि मी बाई. नावानं आम्ही एकमेकींना कधी हाक मारली नाही. निवृत्त झालो तरी हुद्दे काही सुटले नाहीत.

घर मॅडमचं होतं. पण ते तसं वाटू नये म्हणून त्यांनी फाटकावरची स्वतःच्या नावाची पाटी काढून टाकली. त्यानंतर आमचं सिलिंडर शेजारी उतरायला लागलं. मग नवी पाटी करायची ठरली, आणि तिच्यावर काय लिहायचं यावर रविवारच्या बैठकीत चर्चा झाली. ही रविवारची बैठकही मॅडमचीच कल्पना. सगळे निर्णय सर्वानुमते व्हायचे. पाटीवरच्या शब्दांवर एकमत होईना, म्हणून शेवटी आम्ही कोरीच पाटी लावली. गल्लीत तेवढ्यानं काम भागलं. 'कोऱ्या पाटीचं घर' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडायचा.

चहाचंही तसंच झालं. सिस्टर दूध, साखर, पत्ती सगळं एकदम टाकून खळखळ उकळायची. मॅडमना बिनसाखरेचा कोरा लागायचा. मला आल्याशिवाय चहा चहा वाटत नाही. अख्खी संध्याकाळ चर्चा झाली आणि तीन भांड्यांत तीन चहा करायचे असं सर्वानुमते ठरलं. एकत्र राहायला लागल्यावरचा आमचा पहिला मोठा निर्णय वेगवेगळं राहण्याचा होता, हे मॅडमच्या लक्षात आलं असावं, पण त्या काही बोलल्या नाहीत.

सुरुवातीचे काही महिने आम्ही एकमेकींशी इतक्या चांगल्या वागलो की जीव नकोसा झाला. सकाळी न्हाणीसमोर तिघी टॉवेल घेऊन उभ्या. "तुम्ही जा आधी." "नाही नाही, मॅडम, तुम्ही." "बाई, तुमची पूजा ऱ्हायलीय, तुम्ही जावा." तोवर पाणी निवायचं. भाजी अळणी झाली तरी वा म्हणायचं. भाकरी कडक झाली तरी, मला अशीच आवडते. मुलाच्या घरी मी एवढं खोटं कधी बोलले नव्हते.

त्यातून सुटका केली पाण्यानं. आमच्याकडे नळाला पाणी कधी पाचव्या, कधी सहाव्या दिवशी येतं, त्यामुळं पाण्याचा दिवस हा सणासारखाच. माझी आईपासूनची सवय अशी, की नवं पाणी आलं की माठातलं, हंड्यातलं शिळं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं. एका पाण्याच्या दिवशी मी हंडा मोरीत उलटा केला आणि सिस्टर मागून कडाडली, "काय करून ऱ्हायल्या तुम्ही? अक्कल हाय का नाय?"

मला असं कुणी वर्षानुवर्षं बोललं नव्हतं.

"शिळं होतं," मी म्हणाले.

"पाणी का आमटी हाय शिळं व्हायला? आमच्याकडं उन्हाळ्यात बायका मैलभर जातात घागर घेऊन."

मीही मग ऐकवलं. तिच्या भाकरीच्या थापण्यानं पहाटे मला जाग येते ते सांगितलं. तिनं माझ्या देवाच्या घंटीचं काढलं. मॅडम मध्ये पडल्या तर दोघींनी मिळून त्यांच्या बैठकांचं काढलं. अर्ध्या तासानं तिघी दमून ओट्याशी बसलो, आणि त्या दिवसापासून न्हाणीसमोरचं 'तुम्ही आधी' बंद झालं. मॅडमच्या पुस्तकांत हे कुठं लिहिलेलं नव्हतं म्हणे.

असं घर कसंबसं जमून येत होतं, तेव्हा माझा मुलगा आला.

एप्रिल लागला होता. संध्याकाळी फाटक वाजलं. बघते तर हा, खांद्याला बॅग, हातात लॅपटॉप. मी इथं येऊ नये म्हणून यानंच आकाशपाताळ एक केलं होतं. 'घर असताना आईनं बाहेर राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील' हे वाक्य मला त्याच्याकडून पाठ झालं होतं. आता तोच घर असताना बाहेर राहायला आला होता.

"दोन दिवस राहतो फक्त," तो म्हणाला.

हळूहळू कळलं ते असं. मार्चअखेर, बँकेत वर्षाचं काम, सून रोज उशिरा यायची. एके दिवशी ती आली तेव्हा हा भरलेल्या फ्रिजसमोर उपाशी बसलेला. तिनं विचारलं, "कणीक मळून ठेवली होती. चार पोळ्या लाटायला काय झालं होतं?" याला तो अपमान वाटला. शब्दाला शब्द वाढला आणि यानं बॅग भरली. आपण गेलो की ती घाबरेल असा त्याचा हिशेब. ती घाबरल्याचं काही कानावर आलं नव्हतं.

मॅडमनी नियमाप्रमाणं तातडीची बैठक बोलावली. "राहायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पण या घराचे नियम सगळ्यांना सारखे. स्वतःचं ताट स्वतः धुवायचं. स्वयंपाकाची पाळी घ्यायची."

"चालेल की," मुलगा म्हणाला.

"पोराचं तोंड बघा कसं उतरलंय," सिस्टर म्हणाली. "आधी जेवू घाला, मंग नियम सांगा."

जेवण झालं. तो ताट उचलायला वाकला, पण ताट सिस्टरच्या हातात गेलेलं होतं. "आजच्या दिवस," ती म्हणाली.

तो आजचा दिवस पुढं वाढतच गेला. तव्यावरची भाकरी फुगली की सिस्टर ती थेट त्याच्या ताटात टाकायची. "गरम खा, गरम." मी मागं राहीन कशी? मी मसाल्याच्या भाताची तहरी केली, मुरमुऱ्यांचा सुशीला केला, त्याला लहानपणी आवडायच्या त्या शेंगोळ्या केल्या. आणि मॅडम, ज्यांनी श्रमविभागणीवर कित्येक पिढ्यांना व्याख्यानं दिली होती, त्या रोज सकाळी त्याचा शर्ट इस्त्री करायला लागल्या. मी बघतेय असं दिसल्यावर म्हणाल्या, "माझी साडी करतच होते, म्हटलं त्याच्यावर हात फिरवू." एकदा तर त्या भर उन्हात शहागंजच्या बाजारात जाऊन त्याच्यासाठी खरबुजं घेऊन आल्या. एरवी ऊन लागतं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात सुद्धा न जाणारी बाई.

घरात कूलर एकच. तो हॉलमध्ये असायचा आणि उन्हाळ्यात आम्ही तिघी तिथं गाद्या टाकायचो. आता तो कूलर माझ्या खोलीत, म्हणजे आता त्याच्या झालेल्या खोलीत गेला, कारण त्याला सकाळी कंपनीत जायचं असे. हंडाभर शिळ्या पाण्यावरून माझी अक्कल काढणारी सिस्टर रोज संध्याकाळी त्या कूलरमध्ये बादल्याच्या बादल्या ओतायची. चहाचं तर विचारूच नका. बैठकीत जे सुटलं नाही ते त्यानं न बोलता सोडवलं. त्याला वेलदोड्याचा चहा आवडतो, म्हणून एकाच भांड्यात वेलदोड्याचा चहा व्हायला लागला आणि आम्ही तिघी तो निमूट प्यायला लागलो.

तो मात्र खुश होता. अंगानं भरला. "आई, तुमचं हे एकत्र राहणं मस्त आहे," एकदा मला म्हणाला. "मला आधी कळलंच नव्हतं."

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले, तेव्हा एका रविवारी दुपारी सून आली. त्यानं फोन करून कपडे मागवले होते, ते पिशवीत घालून ती द्यायला आली होती. आम्ही जेवायला बसलो होतो. म्हणजे तो बसला होता. सिस्टर भाकरी करत होती, मॅडम त्याच्या ताटात चटणी वाढत होत्या, आणि मी सुरीच्या टोकानं टरबुजाच्या बिया काढत होते. मुलाचं वय पंचेचाळीस.

सून दारातच थांबली. तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या सुरीकडं. पिशवी खाली ठेवली, चप्पल काढली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"आई, इथं एखादी जागा रिकामी आहे का?"

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. मला यायचंय."

"काय खालीपिली काहीतरी," मुलगा म्हणाला.

"मी त्यांच्याशी बोलतेय," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

मॅडमना थट्टा आणि प्रस्ताव यांतला फरक कधी कळला नाही. त्या म्हणाल्या, "आज रविवारच आहे. बैठकीत विषय घेऊ." आणि खरंच पाच वाजता आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. सुनेला खुर्ची दिली. मॅडमनी चष्मा पुसला आणि आम्हाला इथं येताना विचारला होता तोच प्रश्न तिला विचारला.

"या घराला तुम्ही काय देऊ शकाल?"

"काहीच नाही," सून म्हणाली. "त्यासाठीच तर यायचंय. हे काय देतात?"

मुलगा खाकरला. "मी काल गॅसचा रेग्युलेटर बघितला."

"बघितला," सून म्हणाली.

सिस्टरला राहवलं नाही. "त्यो असला की घरात आनंद असतो," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मला वाटतं त्यांना त्या क्षणी स्वतःची सगळी व्याख्यानं एकदम आठवली असावीत. सून उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही दमलेल्या दिसता, आई," एवढंच म्हणाली आणि गेली. निर्णय काही झाला नाही. त्या संध्याकाळी आम्ही तिघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हतो, तरी पोळ्या मात्र त्याला गरमच वाढल्या.

पुढचा पाण्याचा दिवस मंगळवारी आला. पहाटेच नळ सुटला. मोटर बिघडलेली, त्यामुळं वरच्या टाकीत पाणी चढेना, सगळं बादल्यांनी भरायचं होतं. मॅडमना रक्तदाब, सिस्टरचे गुडघे गेलेले, माझी कंबर धरलेली. अशा तिघी आम्ही अंगणातून न्हाणीपर्यंत बादल्या नेत होतो. मी बादली जरा जोरात टेकवली तर सिस्टर कुजबुजली, "हळू. पोरगं झोपलंय."

"हो, हळू," मॅडमही कुजबुजल्या.

मी थांबले. साठी ओलांडलेल्या तीन बायका स्वतःच्या अंगणात चोरासारख्या पाणी भरत होत्या. आतून कूलरचा आवाज येत होता. मी हातातली रिकामी लोखंडी बादली उचलली आणि फरशीवर सोडून दिली. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. दार उघडून मुलगा बाहेर आला.

"आई, किती आवाज. अजून सात सुद्धा वाजले नाहीत."

"पाणी आलंय. बादली उचल."

"मला मीटिंग आहे आज."

"असू दे. पाणी थांबायचं नाही त्याच्यासाठी."

सिस्टर पुढं झाली. "राहू द्या बाई, लेकराला कामावर जायचंय. मी नेते."

"सिस्टर, तो माझा मुलगा आहे. मला बघू द्या."

हे मी साधं म्हणून बोलले होते. पण सिस्टरचा चेहरा एकदम बदलला. "व्हय," ती म्हणाली, "तुमचाच हाय," आणि आत निघून गेली. मुलानं बादल्या भरल्या. मॅडम नळाशी उभ्या राहून त्याला कुठली कुठं ठेवायची ते सांगत होत्या.

मी आत गेले. सिस्टर ओट्याशी टेकून बसली होती, गुडघे चोळत.

"तुम्हाला लागलं माझं बोलणं," मी म्हणाले.

"नाय. खरंच हाय ते." तिनं पाय लांब केले. "माझ्या पोरांनी माझ्या हातचं खाऊन किती वर्सं झाली, ध्यानातबी नाय. इथं आले तरी फाटकातूनच बोलतात. हा बसून खातो. दुसरी मागतो. तेवढंच."

मी तिच्याशेजारी खाली बसले. एवढे दिवस माझा मुलगा तिच्या भाकरीची तारीफ करतो म्हणून माझा जळफळाट चालला होता, आणि ही इथं असं काही घेऊन बसली होती.

"मग त्याला शिकवा ना," मी म्हणाले. "भाकरी. तुमच्या हाताची."

"त्याला? त्यो शिकंल?"

"न शिकून सांगतो कुणाला. दुसरी मागायची असेल तर करायला लागेल."

ती हसली नाही, पण पदरानं तोंड पुसून उठली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी मॅडमनी त्याला पाळीची आठवण करून दिली. तीन आठवडे उशिरा. पिठाचा डबा, परात, पाणी किती घालायचं, सगळं सिस्टरनं दाखवलं, दोन भाकऱ्या समोर करून दाखवल्या. मग मॅडम म्हणाल्या, "आता आपण तिघी बाहेर." आम्ही हॉलमध्ये जाऊन बसलो. भाकरी करण्यापेक्षा हे बसणं अवघड होतं. आतून परातीचा आवाज आला. मग काहीतरी पडलं. सिस्टरचे गुडघे हलले. मॅडमनी तिचं मनगट धरलं. जळका वास आला तशी मी अर्धी उठले, तर सिस्टरनं दुसऱ्या हातानं माझा पदर ओढला. अशा एकमेकींना धरून आम्ही बसलो होतो. कुणी बाहेरून बघितलं असतं तर आत काही दुःखद घडतंय असंच वाटलं असतं.

तो भाकऱ्या घेऊन बाहेर आला. कपाळाला पीठ, शर्ट घामानं चिंब. भाकरीला एकीकडं टोक आलेलं, मधे भोक. वा म्हणायचा मोह तिघींनाही झाला. सिस्टरनं एक तुकडा मोडला, चावला.

"कडा जळल्यात," ती म्हणाली, "आन् आत कच्ची हाय. उद्या परत कर."

"उद्या?" तो म्हणाला.

"व्हय. पीठ लई हाय."

त्यानंतर तो दीडेक महिना राहिला. कूलर परत हॉलमध्ये आला. पाण्याच्या दिवशी तो आमच्याआधी उठायचा असं मी म्हणणार नाही, पण हाक मारली की उठायचा. त्याच्या भाकऱ्या गोल कधी झाल्या नाहीत. भाजून मात्र नीट निघायला लागल्या, आणि तो त्या सिस्टरला दाखवल्याशिवाय खायचा नाही. पहिली चांगली झाली त्या दिवशी सिस्टरनं ती सगळी एकटीनं खाल्ली. आम्हाला विचारलं सुद्धा नाही.

मृग लागला तसा तो घरी गेला. आपणच जायचं ठरवलं. सुनेनं दार उघडलं, एवढंच त्यानं मला फोनवर सांगितलं.

पुढं सुनेचाही फोन आला. "आई, तुम्ही त्याला काय शिकवून पाठवलंय? शनिवारी भाकरी करतो, ते ठीक आहे. पीठ पंख्यापर्यंत जातं, तेही मी सोडून देते. पण आता दर रविवारी बैठक घेतो. पडद्याच्या रंगावर सर्वानुमते निर्णय हवा म्हणतो. घरात माणसं दोन. सर्वानुमत कसं व्हायचं?"

मी म्हटलं, मॅडमना विचारते. मॅडमना विचारलं तर त्या फार खुश झाल्या आणि बैठकीचे नियम सांगायला लागल्या, म्हणून मी सुनेला परत फोन केला नाही.

बँकेला दुसऱ्या शनिवारी सुट्टी असते. त्या दिवशी दुपारी सून अधूनमधून एकटीच येते. स्कूटर फाटकाशी लावते, हॉलमधल्या खाटेवर आडवी होते आणि झोपते. जेवलीस का, काही खातेस का, हे आम्ही एकदाच विचारतो. उन्हं कलली की उठते, केस बांधते आणि निघते म्हणून निघते. घरी मुलगा तिला विचारतो म्हणे, तिथं जाऊन करतेस तरी काय? ती सांगते, काही नाही.